खडकावरची राखण

मासे न खाणाऱ्या बाईने मासेमारीचं प्रवासवर्णन लिहावं यात काहीतरी गडबड आहे, हे मला मान्य आहे. पण परत आल्यापासून आमच्या इमारतीतल्या निम्म्या बायकांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "काय हो, कोकणात मजा केलीत म्हणे?" प्रत्येकीला जिन्यात उभं राहून सगळं सांगायचं म्हणजे पायांचे तुकडे पडतात. म्हणून एकदाच लिहून टाकते. मजा केली की नाही, ते वाचून ज्याचं त्याने ठरवावं.

श्रीकांत म्हणजे माझा नवरा. हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावर आहे. त्या हुद्द्याचं नाव दरवर्षी बदलतं, त्यामुळे ते लक्षात ठेवायचं मी सोडून दिलं आहे. काम मात्र तेच. अमेरिका जागी झाली की हाही जागा, आणि अमेरिका झोपली की हिंजवडीच्या बसची वेळ झालेली. दिवाळीनंतर एकदा कंपनीच्या बसमधून उतरताना तो पायरीवरच कोसळला. सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठीक, साखर ठीक, मेंदू ठीक. मेंदूबद्दल माझी थोडी शंका होती, पण डॉक्टरांपुढे बोलले नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, या माणसाला झोप नाही एवढाच आजार आहे, रजा घ्या आणि कुठेतरी जा.

कुठेतरी म्हणजे कुठे, याचा विचार आमच्या घरात आठवडाभर चालला. मग एके दिवशी श्रीकांतने कपाटावरून एक लांबलचक पिशवी खाली काढली. पूर्वी कंपनीने त्याला दीड वर्ष इंग्लंडला पाठवलं होतं. तिथे शेजारचा एक म्हातारा त्याला सुटीच्या दिवशी समुद्राकाठच्या खडकांवर मासे धरायला न्यायचा. येताना लोक चॉकलेटं आणतात, याने काठी आणली होती, तिची दोरा गुंडाळायची चरखी आणली होती आणि तीन तरंगे आणले होते. तरंगा म्हणजे लाल टोकाची एक हलकी कांडी. ती दोऱ्याला बांधायची, तिच्या खाली गळ आणि आमिष. कांडी पाण्यात उभी तरंगत राहते आणि मासा आमिषाला लागला की बुडते. त्या लाल टोकाकडे बघत राहायचं, एवढाच तो खेळ. ही पिशवी कपाटावर धूळ खात होती. तिच्याकडे बघून माझा नवरा कितीतरी दिवसांनी हसला, म्हणून मी पुसायला फडकं आणून दिलं.

मग तरंग्यांची तयारी सुरू झाली. दोऱ्याला शिशाच्या बारीक गोळ्या लावून तरंगा असा तोलायचा असतो, की पाण्याबाहेर फक्त लाल टोक दिसावं. हे काम आमच्या मोरीतल्या पिंपात झालं. सदाशिव पेठेत पाणी सकाळी येतं ते पिंपात भरून ठेवायचं, आणि त्याच पिंपावर हा गृहस्थ दोन दिवस वाकून बसलेला. आंघोळीला पाणी काढायचं तर तरंगा हलतो म्हणून ओरडायचा. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "श्रीकांत, त्यात मासा लागला तर मला सांग, मी घर सोडून जाते."

रजेच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीतून फोन आला. अमेरिकेत दोन वर्षं, तिथल्या गिऱ्हाइकाच्या कचेरीत बसून काम. कुटुंबाचं पुढे बघू. उत्तर सोमवारपर्यंत हवं.

इंग्लंडच्या वेळी मी भांडले होते. त्याने रात्रीचं काम घेतलं तेव्हाही भांडले होते. आमच्या भांडणाची एक रीत आहे. मी म्हणते, नको. तो विचारतो, का? मी कारणं देते, आणि तो एकेक कारण सोलून बाजूला ठेवतो. आईच्या इन्सुलिनला नर्स येईल. मुलाच्या, अमेयच्या बारावीला क्लास आहे. तुझ्या ऑफिसला रिक्षा लावू. वादात हा माणूस कॉलेजपासून कुणाला हरलेला नाही. मी त्याच्याच वर्गात होते, मला माहीत आहे. शेवटी माझ्याकडे कारणं उरत नाहीत आणि त्याला हवं ते होतं. म्हणून या वेळी ठरवलं, की तोंडातून एक शब्द काढायचा नाही. जायचं तर जाईल, राहायचं तर राहील. भांडायलाही अंगात जोर लागतो, आणि तो माझ्यात उरला नव्हता.

गुरुवार

नणंद घरी राहायला आली, तिला इन्सुलिन कसं द्यायचं ते दाखवलं, डबे कुठे आहेत ते दाखवलं आणि आम्ही आमच्या गाडीने निघालो. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की कोल्हापूरपर्यंत श्रीकांतचा मोबाइल वाजत होता आणि गगनबावड्याचा घाट उतरायला लागल्यावर तो बंद पडला. रेंज गेली. श्रीकांतने तो दोनदा खिडकीबाहेर धरून बघितला. मला मात्र इतकं बरं वाटलं, की मी पुढची दोन वळणं डोळे मिटून काढली.

गाव देवगडच्या बाजूला आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुण्याचे लोक एकदा यायला लागले की काय होतं ते लोणावळ्याने दाखवलं आहे. उतरलो ते दाजींकडे, ते घरी पाहुणे ठेवतात. दाजी तालुक्याच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असतानाही ते कचेरीपेक्षा खडकावर जास्त असायचे, असं त्यांच्या बायकोनेच पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. तिला सगळे काकी म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. दाजी बोलायला मोकळे आणि अंदाज सांगायला त्याहून मोकळे. उद्या गळाला मोठा मासा, तांबोशीच लागणार म्हणजे लागणारच, असं छातीवर हात ठेवून म्हणाले. पुढचे तीन दिवस त्यांचे सगळे अंदाज चुकले, पण त्यांच्या उत्साहावर काही परिणाम झाला नाही. हवामान खात्यातल्या कुणाशी तरी नातं असावं.

काकींना दोन गोष्टींचं नवल वाटलं. मी नवऱ्याला "अरे श्री" म्हणते, हे एक. ते त्यांनी हसून घेतलं. दुसरं त्यांनी विचारलंच, "तुमी मासे खाणत नाय, मगे दर्यार कित्याक इलात?" मी म्हटलं, झोपायला. त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी लगेच माझ्यासाठी कुळथाची पिठी आणि गरम भात वाढला. आम्ही पुण्यात पिठलं म्हणतो ते हरभऱ्याच्या डाळीचं आणि घट्ट. ही पिठी पातळ, तपकिरी, वर आमसुलाचा आंबटपणा. मी तीनदा भात घेतला. घरी वाढणारी मीच असते, त्यामुळे किती घेतलं हे माझं मलाच कळत नाही. इथे काकी पातेलं घेऊन समोर बसल्या होत्या आणि मी नुसती ताट पुढे करत होते.

शुक्रवार

खडक गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. काजूच्या झाडांमधून पायवाट उतरते आणि एकदम संपते, आणि पुढे काळ्या कातळाच्या पायऱ्या थेट पाण्यात जातात. किनारा म्हटलं की वाळू आणि भेळ एवढंच मला माहीत. इथे वाळूचा कण नाही. खालच्या पायरीवर पाणी सारखं चढतं आणि उतरतं, उतरताना हिरवट शेवाळ दिसतं, आणि ते चकाकतं इतकं सुंदर, की त्यावर पाय ठेवून मरावंसं वाटेल. थोड्या अंतरावर समुद्रात एकटाच एक खडक वर आलेला आहे. त्याला गावात म्हातारी म्हणतात.

त्या खडकांवर मासे धरायची गावाची एक चाल आहे, आणि ती दाजींनी काठी उघडायच्याही आधी सांगितली. एकट्याने खाली उतरायचं नाही. दोघांनी जायचं. एकाने खालच्या पायरीवर गळ टाकायचा आणि दुसऱ्याने वरच्या कातळावर बसून राखण करायची. राखण करणाऱ्याने गळाला हात लावायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, पुस्तक वाचायचं नाही. फक्त म्हातारीकडे बघायचं. एरवी लाटा तिच्या अंगावरून जातात, पण डोकं दिसत राहतं. डोकं दिसेनासं झालं तर मोठी लाट येते आहे. खालच्याला ती दिसत नाही, कारण त्याचं लक्ष तरंग्यावर. मग वरच्याने हाक मारायची, "वर!" आणि खालच्याने हातातलं असेल ते टाकून वर यायचं. संध्याकाळी जे मासे मिळतील त्यातले निम्मे राखण करणाऱ्याचे, मग त्याने दिवसभर नुसतं बसून काढलेलं का असेना.

"हाक इली की वर येवचा," दाजी म्हणाले. "कित्याक म्हणान इचारूचा नाय."

श्रीकांतने ताबडतोब विचारलं, "पण समजा राखण करणाऱ्याची चूक झाली तर?" दाजी म्हणाले, चूक झाली तर झाली, वर यायचं. मुद्दाम खोटी हाक मारणं मात्र गावात सगळ्यात वाईट मानतात. त्यांच्या चुलतभावाने तरुणपणी एकदा गंमत म्हणून हाक मारली होती. त्यानंतर त्याच्या राखणीखाली गावातलं कुणी उतरलं नाही. त्याच्याशी बोलतात, त्याच्या घरी जेवतात, पण खडकावर नाही.

आमच्याकडे असं काही असतं तर तिथे पाटी लागली असती. पाटीखाली दुसरी पाटी, पहिली पाटी वाचली नसल्यास खालीलप्रमाणे अपमान करण्यात येईल. आणि तरी लोक उतरले असते. इथे पाटी नव्हती, आणि दाजी सांगत होते ते गावातलं शेंबडं पोरही पाळत होतं म्हणे.

त्या दिवशी राखण दाजींनी केली आणि मी त्यांच्या मागे झाडाच्या सावलीत चटई टाकून पडले. श्रीकांतने आमिष म्हणून कोळंबी लावून गळ टाकला. पुण्यात तोललेला तरंगा समुद्रात पडला आणि उभा राहिला. चांगला दोन बोटं वर उभा राहिला. लाल टोकच काय, खालचा पांढरा भागही बाहेर. मासे येत होते, कारण दर वेळी गळ रिकामा वर यायचा, पण तरंगा काही बुडायचा नाही. सकाळभर श्रीकांतने खालच्या माशांना कोळंबीचं जेवण घातलं. दाजींना वाटत होतं, विलायती तरंगा आहे, असाच ताठ राहत असेल.

दुपारी जेवताना श्रीकांतने सोलकढीचा घोट घेतला, ओठांवर सुकलेलं समुद्राचं मीठ चाटलं आणि वाटी खाली ठेवून तसाच उठून बाहेर गेला. परत आला तो दोन बादल्या घेऊन. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत समुद्राचं. एकाच तरंग्याला दोन्हींत सोडून बघितलं. विहिरीच्या पाण्यात फक्त लाल टोक, खाऱ्या पाण्यात दोन बोटं वर. पुण्याच्या नळाच्या गोड्या पाण्यात दोन दिवस खपून तोललेले तिन्ही तरंगे समुद्राला निरुपयोगी होते. शाळेत मुलांना शिकवतात ती गोष्ट, आणि ती विसरून हा इंजिनिअर पिंपावर वाकून बसला होता. श्रीकांत ओसरीवर मांडी घालून बसला आणि हसत सुटला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. दाजी हसले, काकी पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आलं. हा माणूस असा हसतो हे मी विसरले होते.

शनिवार

दाजींची कंबर धरली. अंदाज सांगताना इतके हातवारे केल्यावर दुसरं काय होणार. ते पालथे पडून राहिले आणि काकी त्यांना शेक देत बसल्या. श्रीकांतने रात्रीच तरंग्यांना आणखी शिसं लावून समुद्राच्या पाण्यात नव्याने तोललं होतं. त्याचा चेहरा इतका पडला, की मी म्हटलं, मी करते राखण.

दाजींनी पडल्या पडल्या मला पुन्हा सगळं सांगितलं. म्हातारीचं डोकं गेलं की हाक, बस.

मी कातळावर बसले. सकाळचं ऊन पाठीवर, समोर म्हातारी, खाली श्रीकांतची टोपी. मला वाटलं होतं, नुसतं बसायचं, म्हणजे आरामच. पण नुसतं बसून एका जागी बघत राहणं फार कठीण काम आहे. डोळे मिटू लागतात, मन घरी जातं. नणंदेने सुई नीट टोचली असेल का, अमेय उठला असेल का, काल ऑफिसात ऑडिटवाले आले तेव्हा फायली कुणी काढून दिल्या असतील. दर वेळी मन ओढून म्हातारीवर आणायचं. तरंगा आता बरोबर बुडत होता. श्रीकांतने बोटाएवढे दोन मासे, खरबे, काढले आणि दोन्ही वेळा मागे वळून मला दाखवले.

मग म्हातारी दिसेनाशी झाली. मी डोळे चोळले, पण ती नव्हतीच. तिच्या जागी पाण्याचा एक गुळगुळीत उंचवटा होता आणि तो आवाज न करता आमच्याकडे येत होता. मी ओरडले, "वर!"

श्रीकांतने मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "का?"

लाट त्याच्या छातीवर आदळली. तो दिसेनासा झाला. पाणी परत फिरलं तेव्हा तो शेवाळावर पालथा घसरत खाली जात होता, आणि कातळाच्या एका भेगेत त्याचा हात अडकला म्हणून थांबला. मी कशी खाली उतरले मला आठवत नाही. पुढची लाट येण्याआधी आम्ही दोघं हातापायांवर वर आलो. त्याचा तळहात आणि गुडघा खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी फाटले होते, चष्मा गेला होता. काठी भेगेत अडकून राहिली होती, ती मात्र वाचली. वर येऊन तो बराच वेळ खोकत होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

घरी काकींनी जखमा धुऊन हळद भरली आणि हाताला पट्टी बांधली. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि पालथे पडूनच त्याला झाडलं. हाक आल्यावर विचारलंच कसं, असा त्यांचा मुद्दा होता. श्रीकांत खाली मान घालून म्हणाला, सवय आहे हो. काकींनी माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी ओसरीवर बसलो असताना श्रीकांतने अमेरिकेचा विषय काढला. दुसरा चष्मा गाडीत होता म्हणून बरं, तो त्याने पुसून डोळ्यांवर चढवला आणि बोलू लागला. दोन वर्षं काही फार नाहीत. अमेयच्या इंजिनिअरिंगचा खर्च निघून जाईल. आता नाही म्हटलं तर पुन्हा विचारणार नाहीत, त्याच्या वयाच्या माणसाला तर नाहीच. बोलता बोलता तो मध्ये थांबायचा, मी काही म्हणते का बघायचा. माझ्याकडून विरोध यावा आणि तो खोडून काढावा, याची त्याला इतकी सवय आहे, की तो न आल्यामुळे त्याचं अडत होतं. मी सोलकढी संपवली. तो म्हणाला, मग कळवू ना सोमवारी? मी म्हटलं, तुझं तू बघ. त्याने मान हलवली. माझ्या मनाने तेव्हाच घेतलं, की तो जाणार.

रविवार

दुपारी निघायचं होतं. सकाळी त्याला शेवटचा एकदा गळ टाकायचा होता. दाजी अजून आडवेच होते, म्हणून राखणीला पुन्हा मी.

समुद्र अगदी शांत होता. म्हातारी जवळजवळ कोरडी, तिच्यावर दोन पक्षी बसलेले. श्रीकांतने बांधलेल्या हातानेच काठी धरली. मी वर बसले आणि बघू लागले. कालच्यानंतर माझे डोळे म्हातारीवरून हलायला तयार नव्हते. रात्री झोप लागली नव्हती. मान आखडली होती, पाठ भरून आली होती, आणि मला एकाएकी दिसलं, की हे काही आजचं नाही. सासूबाईंची साखर, अमेयचं वर्ष, रात्री याच्या खोलीत जळणारा दिवा, बसला उशीर झाला की खिडकीत उभं राहणं, सगळं हेच. कितीतरी वर्षं मी उंचावर बसून लांब कुठेतरी बघते आहे आणि खाली उभा असलेला माणूस आपल्या तरंग्यात गुंग आहे. आता तो अमेरिकेला जाईल, आणि तिथे तर मला तो दिसणारही नाही. तरी राखण चालूच राहील.

तेवढ्यात तरंगा बुडाला. नुसता बुडाला नाही, खेचला गेला. काठी वाकली, चरखी किरकिरली. चांगला मोठा मासा होता. श्रीकांत दोन्ही पाय रोवून मागे झुकला, चेहरा आनंदाने फुललेला. दाजींनी तीन दिवस कबूल केलेली तांबोशी बहुधा तीच.

म्हातारी समोर स्वच्छ दिसत होती. लाट नव्हती. आणि मी ओरडले, "वर!"

श्रीकांतने काठी सोडून दिली. बघितलं नाही, विचारलं नाही. दुखऱ्या गुडघ्याने पायऱ्या चढत तो माझ्यापाशी आला आणि धापा टाकत समुद्राकडे वळून उभा राहिला. खाली त्याची इंग्लंडहून आणलेली काठी माशामागे खडकावरून सरकत गेली आणि पाण्यात नाहीशी झाली. आम्ही दोघं लाटेची वाट बघत राहिलो. म्हातारीवरचे पक्षी उडालेसुद्धा नाहीत.

बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "लाट नव्हती."

"मग?"

"मी दमले आहे, श्री." आवाज माझाच होता, पण तो मी फार दिवसांनी ऐकत होते. "मला आता एकटीला होत नाही. तू जाऊ नकोस."

त्याची उत्तरं ऐकायला मी तयारच होते. नर्स येईल, क्लास आहे, रिक्षा लावू. पण मी म्हटलं त्यात त्याला खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. तो माझ्या शेजारी कातळावर बसला. मग विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, माहीत नाही. आणि मला रडू आलं. गेल्या काही वर्षांत मी ते मोरीतच उरकत आले होते, नळ सोडून. इथे नळ नव्हता. त्याने बांधलेला हात माझ्या पाठीवर ठेवला आणि मला रडू दिलं.

परत गेल्यावर दाजींनी काठी कुठे म्हणून विचारलं. श्रीकांत काही जुळवून सांगू लागला, पण मीच सांगून टाकलं, की लाट नसताना हाक मारली. दाजी कसेबसे उठून बसले. त्यांना रागापेक्षा वाईट वाटलं होतं, हे दिसत होतं.

"खोटी हाक मारल्यात, वहिनी," ते म्हणाले. "आता तुमका राखणेक बसवूचा नाय."

मी मान खाली घातली. त्यांचं बरोबर होतं. श्रीकांत म्हणाला, "हाक खरी होती, दाजी."

दाजींना ते कळलं नाही. काकींना कळलं असावं. त्या आत गेल्या आणि निघताना माझ्या हातात आमसुलांची पिशवी ठेवून मला एकदा जवळ घेतलं.

घाट चढून गगनबावड्याला पोहोचलो तेव्हा रेंज आली आणि मोबाइल एकामागून एक वाजू लागला. श्रीकांतने एका चहाच्या टपरीपुढे गाडी उभी केली. सोमवार उजाडायची वाट न बघता त्याने त्याच्या साहेबाला फोन लावला. रविवार असूनही तो साहेबाने उचलला, यात काही नवल नाही. श्रीकांत म्हणाला, मला जमणार नाही. पलीकडून जो प्रश्न आला तो मला ऐकू आला नाही, पण काय असणार ते मला माहीत होतं. मी श्रीकांतकडे बघितलं नाही, समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले. आता तो प्रकृतीचं सांगेल, आईच्या साखरेचं सांगेल, मुलाच्या बारावीचं सांगेल आणि साहेब त्यातलं एकेक कारण सोलून बाजूला ठेवील.

"बायको दमली आहे," श्रीकांत म्हणाला.

पलीकडे इतका वेळ कुणी बोललं नाही, की फोन तुटला की काय म्हणून त्याने तो कानापासून दूर धरून बघितला. मग "बरं, ठीक आहे, बघतो आम्ही दुसरं कुणी" असं काहीतरी झालं आणि फोन बंद झाला. चहावाल्याने दोन ग्लास खिडकीतून आत दिले. आम्ही चहा प्यायलो. श्रीकांतचा हात दुखत होता, पण तो म्हणाला, चालवतो मी.

मी सीट मागे पाडली आणि कात्रजच्या बोगद्यापर्यंत झोपले.